रिकाम्याहून हलका सिलिंडर

अक्कलकोट रोडच्या एका बोळात चनबसप्पांचं वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्यांची ग्रिलं, फाटकं, उसाच्या ट्रॉल्या, असलं सगळं ते तीस वर्षं जोडत आलेत. पण अभिमान त्यांना जोडकामाचा नव्हता, कानाचा होता. लोखंड कापायच्या गॅसच्या सिलिंडरवर पाना टकटक वाजवायचा, कान लावायचा आणि आत किती किलो गॅस उरलाय ते सांगून टाकायचं. आजवर कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळं ते कधी चुकलेही नव्हते.

तपासायला निघाली त्यांचीच मुलगी. भुवनेश्वरी एम.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकत होती. एप्रिलातल्या एका दुपारी डबा घेऊन आली आणि बापाला टकटक करताना बघून हसत सुटली.

"अप्पा, आत नुसता गॅस नसतो. ॲसिटोन असतंय, नेलपॉलिश पुसायचं असतंय बघा, तसलं. गॅस त्यात विरघळून बसतो. सोड्यात बसतो तसा."

चनबसप्पांचा हात थांबला. "म्हंजे तीस वर्षं मी सोड्याच्या बाटलीला कान लावतोय?"

"व्हय की. आणि सोडा तापला की गॅस त्यात टिकत नाही. तुमचा दाबाचा काटा दुपारी चढतो तो त्यामुळंच."

तिनं काट्यावरचा दाब वाचला, सिलिंडरला थर्मामीटर टेकवला, फोनवर तक्ता काढून गणित मांडलं. "अडीच किलो."

चनबसप्पांनी पाना वाजवला. "दोन."

शेजारी तात्याबाचं भंगाराचं दुकान, तिथं मोठा वजनकाटा. रिकामेपणीचं वजन सिलिंडरवर कोरलेलं असतं, ते वजा केलं की झालं. सिलिंडर काट्यावर चढवला. तात्याबानं चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"अण्णा, ह्यो रिकाम्यापेक्षा दीड किलो हलका हाय."

"म्हंजे आत कायच न्हाय?"

"कायच न्हाय, त्याच्यापेक्षाबी कमी हाय."

चनबसप्पांनी सिलिंडर दुकानात आणून पेटवला. ज्योत झकास लागली. तात्याबा आपल्या काट्याकडं संशयानं बघू लागला. भुवनेश्वरी मात्र सिलिंडरभोवती फिरून बघत होती.

"अप्पा, तुम्ही हा आडवा टाकता काय?"

चनबसप्पा ज्योतीकडं बघत राहिले. "जेवल्यावर जरा पाय टेकवायला..."

"आणि तसाच चालू करता?"

"आता उठवायचा कोण? लई जड हाय."

"मग ॲसिटोन गॅसबरोबर बाहेर गेलं की! कोरलेल्या वजनात तेही धरलेलं असतंय, म्हणून हा हलका भरला. आत द्रव कमी, म्हणजे गॅसही माझ्या गणितापेक्षा कमीच मावणार."

"तरीच मधीमधी ज्योत थुंकत होती," चनबसप्पा पुटपुटले.

भुवनेश्वरीनं तात्याबाच्या बिलबुकामागं नवं गणित केलं. किती द्रव गेला आणि किती गॅस उरला, दोन्ही एकदम काढलं. उत्तर आलं एक किलो नऊशे ग्रॅम. पण आता बोलण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. ठरलं असं, की सिलिंडर उभा साखळीनं बांधायचा, दाबाचा काटा तळाला जाईपर्यंत वापरायचा आणि मग पुन्हा तोलायचा.

तिसऱ्या दिवशी एका ट्रॉलीचं काम चालू असताना काटा तळाला गेला. तिघांनी मिळून सिलिंडर तात्याबाकडं नेला. दोन वजनांतला फरक भरला एक किलो नऊशे.

भुवनेश्वरीनं टाळी वाजवली. तिच्याहून जोरात चनबसप्पांनी वाजवली.

"दोन म्हटलेलो की मी! शंभर ग्रॅम उन्हानं गेला आसंल."

"अप्पा, ऊन सिलिंडर फोडून गॅस नेत नाही."

"सोलापूरचं नेतंय," चनबसप्पा म्हणाले आणि समोरच्या चहावाल्याला निकाल सांगायला निघाले.