दुसरा रिमोट

वडनेरला आमच्या घरी टीव्हीवर खेळायचा गेम आला तो खामगावच्या बाजारातून. रिमोट दोन होते. पहिला थोरल्या भावाचा, दुसरा माझा. हे कुणी ठरवलं नव्हतं. दुधावरची साय कोणाला, हेही आमच्या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं. बंदूकवाल्या गेममध्ये माझे जीव संपले की दोन बटणं दाबून त्याच्यातला एक घेता यायचा. मी घेतला की तो ओरडायचा, "माह्यावाला जीव काऊन घेतला वं?" आणि रिमोट फेकून मारायचा. तरी दुसऱ्या दिवशी हाक मलाच. एकट्याने खेळायला त्याला भीती वाटायची, हे त्याने आजवर कबूल केलेलं नाही.

लग्न होऊन मी मेहकरला आले. पुढे गेम मोबाइलवर आले, तेव्हा दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दोघं एका टीममध्ये उतरायचो. तो शेताच्या बांधावर, मी स्वयंपाकघरात, कानात इअरफोन. गोळ्या झाडता झाडता तो मिरची तोडायला बाया मिळत नाहीत ते सांगायचा, वडिलांचं दुखणं सांगायचा. माहेरची खबर मला गेममध्येच कळायची.

वडील गेल्यावर त्याने हक्कसोडीचा कागद काढला. आमच्याकडे बहिणी त्यावर सही करतात, शेतातला वाटा सोडतात आणि साडी घेऊन घरी येतात. मी एवढंच म्हटलं, "जरा विचार करू दे मले." त्या दिवसापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं.

खेळणं मात्र टाकलं नाही. दुपारी बोलावणं यायचंच, फक्त माइक बंद. मी गोळी लागून पडले की तो येऊन उठवायचा, पुढ्यात औषधाची पेटी टाकायचा आणि निघून जायचा. वर्षभर असंच चाललं. सुरुवातीला मी रडायचे, मग नुसतीच खेळायचे. मला वाटा नको होता, त्याचा आवाज हवा होता. शेवटी नांदुऱ्याच्या रजिस्ट्री कचेरीत जाऊन सही केली, अंगठा दिला. साडी मिळाली, हिरवी. तशी माझ्याकडे एक आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावणं आलं. त्याचा माइक सुरू होता.

"बाई, येऊन राह्यला का आवाज?"

"हाव."

"यंदा वांगे लावले मळ्यात."

आवाज तोच होता. मला काहीच वाटलं नाही. आनंद नाही, रागसुद्धा नाही. तो मजेत सांगत होता: विहिरीचं पाणी, जळालेली मोटार, कुठूनसं आलेलं कुत्रं. मी माझा माइक बंद केला आणि गेममधल्या समोरच्या पडक्या घरात शिरले.

"बाई? रेंज गेली काय वं?"

ऐकू येत होतं. मी बंदुकीत गोळ्या भरल्या.