रणगाड्यापुढचा फोटो आणि अडकलेले चुंबक

बोलता बोलता लिन मॅडम थांबल्या आणि माझ्या डोक्याच्या वर बघायला लागल्या. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस असं बघायला लागला की मला आधी पालच आठवते. वळून बघितलं. पाल नव्हती. भिंतीवर माझाच फोटो होता. गॉगल लावून, रणगाड्याच्या तोफेवर हात ठेवून उभा, जणू मीच तो सीमेवरून चालवत आणलाय.

"मिस्टर भोर, हा रणगाडा तुमच्या कंपनीचा आहे का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

नगरच्या एमआयडीसीत आमची कंपनी इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरी बनवते. मी तिथे परचेस बघतो. मोटरच्या आत गोलाकार चुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. हे शाळेतले चुंबक नव्हेत. यांत निओडिमियम नावाचा धातू असतो, आणि मोटर तापली तरी ताकद टिकावी म्हणून डिस्प्रोसियम, कणकेत मीठ घालतो तेवढंच. या धातूंना रेअर अर्थ म्हणतात. जमिनीत ते बऱ्याच देशांत आहेत, पण वेगळे काढून, शुद्ध करून त्यांचे चुंबक बनवायचं काम बहुतेक चीनमध्येच चालतं. तिथल्या सरकारनं नियम केला की असा माल बाहेर पाठवायला लायसन लागेल, आणि तो लष्करी कामासाठी जाणार नाही हे खरेदीदारानं पटवून द्यायचं. लिन मॅडम आमच्या चिनी सप्लायरच्या एक्स्पोर्ट मॅनेजर. आमचा अर्ज त्याच पुढे पाठवणार होत्या.

आणि मी रणगाडा पाठीशी घेऊन बसलो होतो.

"नाही" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी सविस्तर सांगितलं. आमच्या गावात रणगाड्यांचं म्युझियम आहे, लष्कराचं ट्रेनिंग सेंटर आहे, येणारा प्रत्येक पाहुणा असा फोटो काढतो, तुम्ही आलात तर तुम्हालाही नेईन. मॅडम सगळं लिहून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी मेल आला. अर्ज होल्डवर. माल नक्की कोण वापरणार, त्याचा पुरावा द्या.

आमचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, त्यांनी मेल वाचून चष्मा काढला. "भोर, तुम्ही चुंबक मागायला बसला होतात की गाइड म्हणून?"

हातातला स्टॉक संपत आला होता. चुंबक नाहीत तर तांब्याच्या तारेचं वाइंडिंग करून उपयोग नाही, आणि वाइंडिंगला सगळ्या कॉन्ट्रॅक्टवरच्या बायका. पुण्याच्या कस्टमरनं बजावलं होतं, सप्लाय तुटला तर दुसरा व्हेंडर बघू. म्हणजे आता ज्यांना ब्रेक देऊन घरी बसवणार, त्यांना परत बोलावणं येईलच असं नाही. केडगावच्या संगीताताई त्या लाइनच्या लीडर. त्यांनी मला चहाच्या टपरीपाशी गाठलं.

"साहेब, सोमवारपासून यायचं का न्हाई, तेवढं सांगा. न्हाई म्हणलात तरी चालंल. पन आदल्या दिशी नका सांगू."

"बघतो," मी म्हणालो. परचेसवाल्याचा अर्धा पगार या एका शब्दाचा असतो.

त्या आठवड्यात मी एका जागी बसलो नाही. जेवताना डाव्या हाताने मेल उघडायचो, बंद करायचो, परत उघडायचो. बायको म्हणाली, "जेवायला तरी चीनहून परत या."

तिच्याच स्कूटरला आमची मोटर आहे, हे तेव्हा डोक्यात आलं. साध्या माणसाच्या हातात स्कूटर दाखवायची, यापेक्षा वेगळा पुरावा काय? सुट्टीच्या सकाळी तिला घेऊन व्हिडिओ काढायला निघालो. पहिल्या वेळी मागून लष्करी ट्रक गेला. दुसऱ्या वेळी चौकातला रणगाडा फ्रेममध्ये आला. इतकी वर्षं नगरमध्ये राहून गाव एवढं सज्ज आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी केडगावच्या एका गल्लीत जमलं, तर भाजीवाल्याचा टी-शर्ट लष्करी छापाचा. बिचाऱ्यानं तो उलटा घातला. बायकोनं मेथीच्या चार जुड्या घेतल्या, स्कूटरला अडकवल्या आणि निघून गेली. मला तिथेच सोडून.

व्हिडिओ पाठवला, खाली एकच ओळ: आमची मोटर या स्कूटरमध्ये आहे. पुढच्या कॉलला भिंतीवर नुसता खिळा होता. त्याबद्दल मॅडमनी विचारलं नाही.

लायसन शुक्रवारी आलं. मागितलं त्याच्या निम्म्या मालाचं. शेठ म्हणाले, मग निम्म्या बायका ठेवा. ते सांगायला मी वाइंडिंगला गेलो.

"निम्म्या कोन, ते तुमी ठरवनार?" संगीताताईंनी हातातली तार खाली ठेवली. "एक आठवडा ह्या येतील, एक आठवडा त्या. नाव कुनाचंच काढू नका."

मागे बसलेल्यांपैकी एकीनं तोंड वाकडं केलं. मी शेठकडे गेलो. त्यांनी हिशोब केला, कुरकुर केली आणि मान्य केलं. पुढचे दोन महिने लाइन तशीच चालली. प्रत्येकीच्या हातात निम्माच पगार पडत होता, खूश कुणीच नव्हतं. पण पुण्याचा कस्टमर टिकला, आणि पूर्ण माल सुटला तेव्हा सगळ्या जागेवर होत्या.

लायसन मागताना विचारलं तेवढंच सांगावं, हे मी आता नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो. त्यासाठी मला पाऊण तास लागतो.