"रहेगा?" विचारणारा साहेब

मळ्यात राबलेल्या माणसाला पीकपाणी आठवत नाही, फजित्या तेवढ्या आठवतात! साठच्या दशकात आखातातल्या रास अल खैमाच्या एका खजुराच्या मळ्यात आम्ही रत्नागिरीचे चार गडी होतो. चौघांत मिळून रेडिओसुद्धा नव्हता, मग किस्सेच किस्से!

*

आमच्यात थोरले हसनभाई. मळ्याच्या मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. त्याने विचारलं, "खजुरावर चढता येतं?" हसनभाई म्हणाले, "माड चढणारा माणूस मी, हे काय झाड आहे?" माडाला काटे नसतात, हे त्यांना अर्ध्यावर गेल्यावर आठवलं. खाली आले ते "खलास!" म्हणतच.

*

मॅनेजर स्कॉटलंडचा गोरा साहेब, पण तोही मूळचा शेतगडीच. एकदा आमची मिठाची पेज पाहून खाली मांडी घालून बसला. "आम्ही गडी हेच खायचो, फक्त ओटची!" त्या दिवसापासून पेज पाच वाट्यांची झाली आणि पातळही.

*

साहेबाच्या गावात गडी सहा महिन्यांसाठी ठेवत. मुदत संपताना मालक विचारी, राहणार का? नाही विचारलं, तर गड्याने समजून ट्रंक भरायची.

"आमच्याकडे बायकोसुद्धा तोंडावर जा म्हणते," हसनभाई म्हणाले.

साहेबाने तोच रिवाज इथे आणला. दर सहा महिन्यांनी हॅट काढून प्रत्येकाला विचारायचा, "रहेगा?" एकदा हसनभाईंनी भाव खाल्ला, "सोचके बताता हूँ." साहेबाने तो नकार समजून सकाळी त्यांची ट्रंक आदराने जीपमध्ये ठेवली. हसनभाई जीपमागे धावत सुटले, "रहेगा, साहेब, रहेगा!"

*

मग साहेबाचीच मुदत संपत आली. अरबाब काही विचारेना. साहेबाने मुकाट्याने ट्रंक बांधली. असा माणूस पुन्हा कुठला मिळायला?

हसनभाई अरबाबकडे गेले. तो भडकला. "माझ्या घरी जेवणाऱ्याला राहणार का विचारू? पाहुण्याला असं विचारतात? लाज नाही का मला?"

हा विचारणार नाही आणि तो विचारल्याशिवाय राहणार नाही! सकाळी ट्रंक जीपमध्ये गेली, इंजिन सुरू झालं. तेवढ्यात हसनभाई फाटकात आडवे उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, रहेगा?"

साहेबाने त्या टोपीकडे पाहिलं. इंजिन बंद केलं.

"सोचके बताता हूँ."

हसनभाई तोवर ट्रंक उतरवायला लागलेसुद्धा होते.