नवारीची पट्टी

सरांनी माझी प्रमाणपत्रे पाहिलीच नाहीत. समता कॉलनीतल्या त्यांच्या रुग्णालयात मी आहारतज्ज्ञाच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. डॉ. अच्युतराव पांढरीपांडे खुर्चीतून उठले, कपाटातून पलंगाच्या नवारीची गुंडाळी काढली आणि तिचे एक टोक माझ्या हाती देऊन म्हणाले, "व्हरांड्याच्या शेवटापर्यंत चला." मी चालत राहिले, पट्टी उलगडत राहिली. चांगली वीस फूट भरली. "माणसाचे लहान आतडे साधारण एवढे असते," सर म्हणाले. "यातला मोठा भाग आम्ही अन्नाच्या वाटेतून बाजूला काढतो. आता सांगा, त्या माणसाला काय खाऊ घालाल?" मी पुस्तकातले उत्तर दिले. ते चुकले, तरी नोकरी मिळाली.

रायपूर तेव्हा नुकतेच नव्या छत्तीसगढ राज्याची राजधानी झाले होते. रोज नवे कार्यालय उघडत होते, पण वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया म्हटले की लोक संशयाने बघत. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी मी नोकरीचे स्वरूप सांगितले, तेव्हा वडिलांनी कपाळाला हात लावला. नागपूरची जमलेली प्रॅक्टिस सोडून इथे येणाऱ्या सरांना किती जणांनी वेड्यात काढले असेल, याची कल्पना त्यावरून यावी.

पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंचे वजन खोलीभर ऐकू जाईल असे मोठ्याने सांगितले. त्या मान खाली घालून काट्यावरून उतरल्या. सर आतून आले आणि माझ्यादेखत त्यांनी स्वतः त्या बाईंची माफी मागितली. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी काटा पडद्याआड गेला. लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात माणसाचा गुन्हा नाही, हे त्यांनी मला व्याख्यान न देता असे शिकवले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांची पदके आणि पदे येतीलच. नवारीची पट्टी मात्र कुणी लिहिणार नाही, म्हणून ती मी लिहिते. ज्यांचे वजन हाताबाहेर गेले आहे आणि इतर सारे उपाय थकले आहेत, अशांनाच सर ही शस्त्रक्रिया सुचवत. समजावताना पट्टीचे दोन भाग करत. एक भाग अन्नाची वाट, लहान केलेल्या जठरातून निघणारी. दुसरा पाचकरसांची वाट, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आणणारी. या दोन वाटा अगदी शेवटाकडे, लाल दोऱ्याच्या गाठीपाशी भेटत. गाठीपुढे उरे ती जेमतेम दोन हात पट्टी. अन्न आणि रस तेवढ्याच अंतरात एकत्र असतात, म्हणून खाल्लेल्या तेलातुपाचा बराच भाग अंगी न लागता बाहेर पडतो. वजन उतरते, पुष्कळांची साखरही आटोक्यात येते. "पण आतडे निवड करत नाही," सर बजावत. "नको ते जाते, तसे हवे तेही जाते." जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम, प्रथिने, सगळ्यांचीच तूट पडू शकते. म्हणून गोळ्या आणि रक्ततपासणी जन्मभर. हे सांगून झाल्यावर संमतीपत्रावरची सही सरांना पुरत नसे. रुग्णाने सर्वांसमोर मोठ्याने 'हव' म्हणायचे. इकडच्या छत्तीसगढी बोलीतला हा होकार एकदा तोंडून गेला की माणूस तो सहसा मोडत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

ती श्रद्धा एकदा खोटी ठरली, आणि त्यात माझा वाटा होता. रमेश मेश्राम हे रेल्वेच्या कार्यालयात काम करणारे आमचे रुग्ण. शस्त्रक्रियेनंतर वर्षाने ते आले, तेव्हा मी त्यांना ओळखलेच नाही. जिना दमछाक न होता चढून आलेल्या त्या माणसाला पाहून मला इतका आनंद झाला, की त्यांच्या कार्डावर रक्ततपासणीची जागा कोरी आहे हे दिसूनही मी सोडून दिले. गोळ्या घेता ना, विचारले. ते हो म्हणाले. मी विश्वास ठेवला.

काही महिन्यांनी मेश्राम सदर बाजारात दिवेलागणीला स्कूटरसह हातगाडीवर धडकले. खरचटले थोडेच, पण अंधार पडू लागला की आपल्याला दिसत नाही, हे त्यांनी त्या दिवशी प्रथम कबूल केले. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी ते लपवले होते. सरांनी लगेच ओळखले. शरीरातले अ जीवनसत्त्व संपत आले होते, आणखी उशीर झाला असता तर डोळ्यांचे कायमचे नुकसान झाले असते. त्यांनी उपचार सुरू केले आणि संध्याकाळी मला घेऊन मेश्रामांचे घर गाठले.

घरी उलगडा झाला. मेश्रामांच्या पत्नी पुष्पाताईंनी काहीही न लपवता सांगितले, "हे तं चांगले दिसून राहिले होते सर. माह्या जावेची पोट्टी सुकून राहिली, म्हणून त्या गोळ्या तिले देतो मी. टॉनिकच तं हाय." धट्ट्याकट्ट्याने औषध खावे आणि मुलीने तसेच राहावे, हे त्या माउलीच्या न्यायात बसत नव्हते. मेश्रामांनाही ते पटले होते. मला राग आला, आणि तो दिसलाही असावा. गोळ्या बंद झाल्यानेच डोळे गेले असते, हे सरांनी सांगितले तेव्हा पुष्पाताईंना सारे कळले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सर जमिनीवर बसले. आधी त्या मुलीला जवळ बोलावून तपासले, तिच्या गोळ्या थांबवल्या, तिच्या रक्ततपासणीची व्यवस्था केली. मग पुष्पाताईंना म्हणाले, "चूक माझी झाली. मी पट्टी यांच्या हाती दिली. घरात ताट कोण वाढतं, हे मी विचारलंच नाही."

परतताना मी कोऱ्या जागेची गोष्ट सांगून टाकली. सर इतकेच म्हणाले, की बरा दिसणारा रुग्ण नीट तपासणे सगळ्यात अवघड असते. पुढे डॉक्टरांच्या सभेत त्यांनी ही हकिगत सांगितली आणि चूक स्वतःच्या नावावर घेतली. मी मागच्या रांगेत रडत होते.

मेश्रामांची दृष्टी सुधारली. त्या दिवसापासून घरात रांधणाऱ्या माणसाला आणल्याशिवाय सरांनी कुणावर शस्त्रक्रिया केली नाही. व्हरांड्यात पट्टीचे एक टोक रुग्णाच्या हाती असते, दुसरे रांधणाऱ्याच्या. 'हव' दोघांनी म्हणायचे. गाठीपुढच्या भागाएवढी दोन हात पट्टी वेगळी कापून घरी द्यायची आणि ती स्वयंपाकघरात टांगायची. रायपुरातल्या कितीतरी घरांत आज ती लोंबताना दिसेल.

आता सरांनी शस्त्रक्रिया तरुणांकडे सोपवल्या आहेत. गुरुवारची जुन्या रुग्णांची तपासणी मात्र सोडलेली नाही, कारण बाजूला काढलेले आतडे आपोआप पुन्हा वाटेवर येत नाही आणि आपले रुग्ण एकटे पडू नयेत, हा त्यांचा घोर आहे. सर्वांचे रक्त तपासणारे सर स्वतःची तपासणी मात्र वर्षानुवर्षे टाळत आले. माझे कधी ऐकले नाही.

गेल्या गुरुवारी पुष्पाताई आल्या होत्या. पंचाहत्तरीची बातमी त्यांना कळली होती. त्यांनी सरांच्या टेबलावरची गुंडाळी उचलली, एक टोक त्यांच्या हाती दिले आणि दुसरे धरून व्हरांड्याच्या शेवटापर्यंत गेल्या. तिथून म्हणाल्या, "आमाले जन्मभर या म्हणता ना सर? मंग तुमी बी तपासून घ्या. जन्मभर राहा आमच्यासाठी. म्हणा हव."

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मागणे आम्हा सर्वांचेच आहे. मात्र ते मी वेगळ्या शब्दांत मागत नाही. त्या दिवशी वीस फुटांच्या पट्टीचे टोक घट्ट धरून सर खुर्चीतून उठून व्हरांड्यात आले. मग व्हरांड्यातल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हव."