बुजगावण्याच्या जागी मी

आता हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. नाहीतर राहू द्या, हसाच. त्या दिवशी सगळं शिवार हसलं, तुम्हीच मागे का राहता?

मुळात मला झोप लागत नव्हती. आमची मनू तीन वर्षांची होऊन गेली तरी तिच्याजवळ शब्द किती, तर 'आई' आणि 'नको'. शेजारची तिच्याहून लहान लेकरं मोठ्यांच्या तोंडाला तोंड द्यायला लागली होती. ही निवांत झोपायची आणि मी तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघत नाही नाही ते विचार करायची.

माझ्या सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. मामींना मात्र घोर नव्हता.

"बोलंल की. तिचा बाप बी उशिरानंच बोलायला लागला."

"पण मग बोलले ना नीट?"

"आता तरी कुठं बोलतो?"

धीर कसा यायचा, तुम्हीच सांगा.

हिंगोलीच्या डॉक्टरबाईंनी मनूचे कान तपासले. कान उत्तम. म्हणाल्या, "तिच्याशी भरपूर बोला. जे दिसेल त्याचं नाव सांगा." मी डी.एड. झालेली बाई. कुणी अभ्यास दिला की तो जरा जास्तच करते. दुसऱ्या दिवशी डोळा उघडला तसं माझं समालोचन सुरू झालं. हा तवा, ही भाकर, भाकर फुगली, ही बघ वाफ. मामी चहाचा कप घेऊन गोठ्यात जाऊन बसायला लागल्या. म्हणे, म्हशी तरी गप असतात.

मनूला वेड एकाच गोष्टीचं, पाखरांचं. पाखरू दिसलं की बोट दाखवायची आणि डोळे एवढे मोठे करायची. म्हणून मी ठरवलं, आपल्याच शिवारातल्या पाखरांचे जवळून फोटो काढायचे, मोठे छापून भिंतीला लावायचे आणि तिच्याकडून एकेक नाव वदवून घ्यायचं. माझा धाकटा भाऊ हिंगोलीत लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडचा जुना कॅमेरा आणला, मनूला कडेवर घेऊन सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कडेनं हिंडले आणि काढलेले फोटो त्याला पाठवले. लगेच फोन.

"ताई, बाभळी लई सुंदर आल्यात."

"अरे, त्यात खंड्या आहे."

"कुठं?"

"तो नुकताच उडाला होता."

मग त्यानं शिकवणीच घेतली. ऊन पाठीशी घे. पाखराच्या उंचीला ये. डोळ्यावर फोकस कर, डोळा चकचकीत आला की अर्धा फोटो झाला. लांबून काढून मोठा करत बसू नको, जवळ जा. पाखराला तुझी भीती वाटली नाही पाहिजे. पुढे तो अजून काहीतरी म्हणाला, पण मी तेव्हा मनूला 'हा मोबाईल, हा तुझ्या मामाचा आवाज' असं समजावून सांगत होते.

पाखरांना ज्याची भीती वाटत नाही असं आमच्या शिवारात एकच जण होतं. बुजगावणं. ज्वारी हुरड्यात आली होती आणि त्या बुजगावण्याच्या खांद्यावर बसून चिमण्या आरामात चोची पुसायच्या. कोतवाल पक्षी तर दिवसभर त्याच्या हातावरूनच किडे टिपायचा.

माझ्या डोक्यात काय आलं ते तुम्ही ओळखलं असेल.

बुजगावणं उपटून सरीत निजवलं. त्याच्या अंगातला सासऱ्यांचा जुना कोट मी चढवला. त्याच्या डोक्याचं मडकं काही माझ्या डोक्यात बसेना, म्हणून डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला उपरणं गुंडाळलं. समोर हाताच्या अंतरावर बांबू रोवून त्याला कॅमेरा बांधला, बटण डाव्या हाताला पोचेल असा. मनूला पायाशी ज्वारीत बसवलं आणि कॅमेऱ्यासमोर उजवा हात आडवा पसरून उभी राहिले.

पाखरू काही येईना. मग मी बोलवायला लागले. "ये, ये ना. जवळ ये. घाबरू नको, मी काही करत नाही तुला."

नेमक्या त्याच वेळी गंगाकाकू बांधावरून म्हैस घेऊन निघाल्या होत्या. त्यांना ज्वारीतली मनू दिसली नाही. दिसलं ते हात पसरून जवळ बोलावणारं बुजगावणं. म्हैस तिथंच सोडून त्या गावाकडं पळाल्या.

परत आल्या त्या मामींना आणि आळीतल्या बायकांना घेऊन. मामींच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात खराटा.

मी उपरणं सोडायला हवं होतं, कबूल. पण सगळ्या आळीसमोर शिकलेली सून सासऱ्याच्या कोटात? मला वाटलं, हलले नाही तर जातील निघून. म्हणून कित्येक महिन्यांत केलं नव्हतं ते केलं. तोंड बंद ठेवलं.

"मामी, कोट तर तुमच्या मालकाचा हाय."

"व्हय. पण ते जिते हायेत. घरी चहा पिऊन राहिले."

"मग ह्याच्या आत कोण हाय?"

"आगं बया, मनू! लेकरू त्याच्या पायाशी काहून बसलं?"

मामींनी खराटा उचलला. तेवढ्यात कोतवाल आला. पसरलेल्या हातावर नाही, थेट कॅमेऱ्यावर बसला. इतका जवळ की त्याच्या लाल डोळ्यात मला माझं उपरणं दिसत होतं, आणि कॅमेऱ्यावरच बसलेल्याचा फोटो काढायची काही सोय नव्हती. सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या. मीही. सगळं रान गप.

आणि त्या शांततेत खालून आवाज आला.

"आई, पाखरू बसलं."

अख्खं वाक्य. मामींच्या हातातला खराटा खाली आला, लिंबू कुठं गेलं ते अजून सापडलेलं नाही. गंगाकाकू हसता हसता डोळे पुसत होत्या. त्या पळाल्या नसत्या तर मी गप झाले नसते, म्हणून पुढे संक्रांतीला पहिलं वाण त्यांनाच दिलं. भिंतीवर आज कोतवालाचा फोटो आहे, डोळा कसा चकचकीत. नंतर काढलेला, पण त्याच कोतवालाचा असं मी धरून चालते, आणि येता जाता त्याला हात जोडते.

त्या क्षणी मात्र मला कुठलं भान? मी उपरणं ओढून फेकलं आणि सुरूच झाले. "हो गं राजा, पाखरू बसलं. हा कोतवाल. को-त-वाल. काळा कोतवाल. ही बघ त्याची शेपटी, दोन टोकांची. बोल ना बाळा, अजून काय दिसतंय, बोल."

सगळ्या जणी मनूच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मनूनं आधी रिकाम्या कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, गप ना. उडालं पाखरू."