पुडीतलं शेवटचं पान

कोणी काहीही विचारलं की भाऊ आधी दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचे. मग ते उजेडात धरून एक डोळा मिटून पाहायचे. तेवढ्यात विचारणाऱ्याचा धीर सुटला तर म्हणायचे, "सांगतो ना बापा. पाणी कुठी जाऊन राहिलं?"

पाणी म्हणजे भाऊंच्या गावामागची, मुर्रीमागची बोडी, धानाला पाणी देणारं लहानसं तळं. तिच्या पाळीवर भाऊंचं निम्मं आयुष्य गेलं. उरलेलं निम्मं एका घोडीच्या मागे आणि मांडीवरच्या लिहायच्या फळीवर गेलं. त्यातून तीन कादंबऱ्या झाल्या. मी गोंदियाच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, कादंबरी कशी लिहावी यावर तासभर बोलू शकतो, आणि माझी स्वतःची कादंबरी चौदा वर्षं तिसऱ्या प्रकरणात अडकलेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा माझ्याबद्दल चांगला ग्रह होणार नाही.

भाऊ गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. तरुणपणी प्रशिक्षणासाठी कुठल्याशा पहाडी मुलखात गेले, तिथल्या एका म्हाताऱ्याकडून खोट्या माशीनं मासे धरायला शिकून आले. गळाला कोंबड्याचं पीस बांधायचं, त्याला घोडीच्या शेपटीच्या केसाचे वेढे द्यायचे, आणि ती माशी पाण्यावर अशी टेकवायची की आता उडेल असं वाटावं. बोडीवर मासेमारी करणारे ढिवर गांडूळ लावून भाऊंच्या दसपट मासे न्यायचे आणि हसायचे.

"भाऊ, गांडूळ काऊन नाही लावत जी? भाजीपुरते तरी भेटतीन."

"गांडुळाले उपाशी मासा येते. मले पोट भरलेला पाह्यजे."

दुपारपर्यंत बोटभर लांबीचा एखादा मासा मिळायचा. तो ते परत पाण्यात सोडायचे आणि घरी येऊन लिहायला बसायचे. मी त्यांच्याशेजारी कितीदा बसलो असेन. माझ्या मनात तेव्हा काय चालायचं ते सांगतो. या माणसाला कॉलेज नाही, पेपर तपासणं नाही, हा पाण्याकडे बघत बसतो आणि याला सुचतं, मला का नाही?

घोडीचं नाव बिजली. ती वरातीची घोडी होती. पाय अधू झाला म्हणून मालकानं काढून टाकली, ती भाऊंनी घरी आणली. सहा महिने तेलानं पाय चोळून तिला चालती केली. पाय बरा झाला, पण सवय गेली नाही. बँड ऐकला की बिजली जागच्या जागी नाचायला लागायची.

एकदा नागऱ्याच्या रस्त्यावर भाऊ तिच्यावर बसून मासे धरायला चालले होते. अंगात बनियन, डोक्याला दुपट्टा, हातात लांब काठी. समोरून वरात आली. नवरदेव मोटारीत होता, घोडी ऐनवेळी मिळाली नव्हती. बिजलीनं बँड ऐकला आणि सरळ वरातीच्या पुढे जाऊन नाचू लागली. मांडवाच्या दारात नवरीची आजी ताट घेऊन उभी. तिला दिसायचं कमी. घोडीवरच्या माणसाला तिनं ओवाळलं, टिळा लावला, मग चेहरा जवळून पाहून म्हणाली, "नवरदेव येवढा बुढा कसा गा?"

भाऊ म्हणाले, "रस्त्यात लय टाइम लागला, आजी."

हा प्रसंग त्यांनी तिसऱ्या कादंबरीत घातला. एकतीस पानांचं प्रकरण. भाऊ एकच प्रत लिहीत, हातानं, आणि ती सगळ्यात आधी मला आणून देत. "मास्तर, तू शिकलेला. खरं सांगजो."

ते प्रकरण मी एका रविवारी वाचलं. मी उठून गेलो तेव्हा बायकोनं कागद उचलले. आतल्या खोलीत मला तिचं हसणं ऐकू आलं. पुष्कळ वेळ ती हसत होती. मी बाहेर आलो तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती.

"काय लिहिलं हो भाऊंनी," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. माझ्या दोन कथा दिवाळी अंकांत आल्या तेव्हा तिनं दोन्ही वाचल्या होत्या आणि "छान आहे" म्हणून अंक टेबलावर ठेवले होते. त्या दुपारी मला जे वाटलं त्याला दुसरं नाव देता येईल का हे मी खूप दिवस शोधलं. नाही देता येत. तो मत्सर होता.

दुसऱ्या दिवशी मी मुर्रीला गेलो. भाऊ माशी बांधत बसले होते.

"बाकी सगळं उत्तम आहे," मी म्हणालो. "फक्त वरातीचं प्रकरण काढा. कादंबरी गंभीर आहे, त्यात ते हलकं वाटतं. पुण्याकडचे वाचक हसतील."

"हसतीन तं चांगलंच नाही का?"

"तसं नाही, भाऊ. तुम्हाला हसतील."

भाऊंनी दोऱ्याचं टोक ओलं केलं. उजेडात धरलं. त्या वेळी ते पाण्याबद्दल काही बोलले नाहीत. "तू म्हणतो तं काढतो," एवढंच म्हणाले. माझ्यासमोरच त्यांनी एकतीस पानं सोडवून बाजूला ठेवली. हात धरून थांबवायला माझ्याकडे तेवढी दोन मिनिटं होती.

पुस्तक आलं. लोकांनी बरं म्हटलं. एका वाचकानं पत्रात लिहिलं की कादंबरी खरी आहे, पण तिच्यात श्वास घ्यायला जागा नाही. भाऊंनी ते पत्र मला दाखवलं. "असं काऊन लिहिलं असंन, मास्तर?" मी म्हणालो, वाचक काहीही लिहितात.

भाऊ कागद वाया घालवत नसत. बांधलेली माशी ते कागदाच्या पुडीत ठेवत आणि ज्याला हवी त्याला देऊन टाकत. त्यांना हसणारे ढिवरसुद्धा आता एखादी माशी मागून नेत. पुस्तक आल्यानंतरच्या हिवाळ्यात पाळीवर बसलो असताना त्यांनी माझ्या हातात एक पुडी ठेवली. "तुह्यासाठी बांधली. बिजलीच्या केसाची. कधी तरी फेकून पाह्य."

घरी जाताना नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर मी पुडी उघडली. कागदावर भाऊंचं अक्षर होतं. ते त्या प्रकरणाचं शेवटचं, एकतिसावं पान होतं.

मी ते उभ्या उभ्या वाचलं. वरात आत गेली आहे, बँडवाले जेवायला बसले आहेत, आणि दारात घोडी. एवढंच. पण ते ज्या वाक्यांत होतं, तशी वाक्यं मला जन्मात लिहिता आली नसती. मी पानाचा बोळा केला आणि नहरात टाकला. माशी मात्र खिशात ठेवली. असं का केलं ते आजही सांगता येत नाही.

मागच्या वर्षी भाऊ गेले. पाळीवरच, बसल्या जागी. काठी पाण्यात पडलेली होती.

त्यानंतर प्रकाशकाला कादंबरी पुन्हा काढायची होती. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीनं, मला बोलावलं. "त्याईनं एक गोष्ट काढून टाकली होती, वरातीची. ते घातलं तं बरं होईन. पानं मात्र माशीच्या पुड्या होऊन गावभर वाटली गेली."

मग मी पुड्या शोधत फिरलो. मुर्रीच्या ढिवरांकडे, नागऱ्याच्या देवळामागे राहणाऱ्या एका पुजाऱ्याकडे, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर. ढाबेवाल्यानं पुडी गल्ल्यात ठेवली होती. "भाऊने दी थी," तो म्हणाला, "कागज ले जाओ सर, माशी मत माँगना." एका ढिवरानं दोन पुड्या दिल्या आणि विचारलं, "मास्तर, तुमीच कायले हिंडून राहिले? कॉलेजची पोरं नाहीत का?" मी हसून वेळ मारून नेली. पाच महिन्यांत तीस पानं जमली. तेल लागलेली, घड्यांवर विरलेली, पण तीस. एकतिसावं मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून मला एकट्यालाच माहीत होतं.

वहिनींनी पानं लावून पाहिली. "शेवटचं नाही."

"नाही."

"मंग तुमी लिहून द्या जी. तुमी वाचलं होतं ना. त्याईचा तुमच्यावरच भरोसा होता."

मी घरी आलो आणि खरंच लिहायला बसलो. तुमच्यापासून काय लपवायचं? मला आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी त्या माणसाच्या पुस्तकात माझं एक पान जाणार होतं, आणि कोणाला कळणार नव्हतं. चार वेळा लिहिलं. त्यात काय होतं ते आठवत होतं, वाक्यं आठवत नव्हती. चौथ्यांदा लिहिलेलं बायकोला वाचायला दिलं. तिनं वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "छान आहे."

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना सगळं सांगितलं. काढायला लावलं ते, का लावलं ते, आणि नहराचं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मले वाटे, त्याईलेच नाही आवडलं," त्या म्हणाल्या. मग, "ते काढल्यावर दोन साल मले एक ओळ वाचून नाही दाखवली. मी म्हणो, बुढापा आला."

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुमचं पान नोको. कोरं राहू द्या. अन् काऊन कोरं राह्यलं, ते मागं छापायले तुमी लिहा. तुमच्या नावानं."

तेच हे लिहिलं आहे. पुस्तक हातात असेल तर वरातीच्या प्रकरणाचं शेवटचं पान पाहा. तिथे काही नाही.

त्या दिवशी एवढं बोलून वहिनी सूप घेऊन आत गेल्या. मी निघालो तेव्हा दूर मंगल कार्यालयात बँड सुरू झाला. गोठ्यात बिजलीनं मान वर केली. आता ती फार थकली आहे, बहुतेक वेळ बसूनच असते. ती पुढचे पाय रोवून हळूहळू उठली, अधू पाय सावरला, आणि रिकाम्या पाठीनं, एका जागी, नाचू लागली.