चालत्या जीपमधली मोजणी

सोपानराव वाव्हळे गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. ती मीच घेऊन गेलो. कपाळाला चार टाके, सदऱ्यावर रक्त. त्यातलं माझं किती आणि त्यांचं किती, मला आजही सांगता यायचं नाही... त्यांच्या पत्नी कौसाबाई दारात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागं पाहिलं, आणि सूप खाली ठेवलं. मला तोंड उघडावंच लागलं नाही. या गोष्टीला सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी रडलो थोडा आणि संतापलो फार. गेलेल्या माणसाविषयी गोड गोड वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी खुशाल पान उलटावं.

सोपानराव आमच्या कचेरीचे जीप ड्रायव्हर आणि मी तिथला टायपिस्ट. दुष्काळ सरला होता, कालव्याची कामं जोरात चालली होती आणि आमच्या साहेबांना दिवसाला पाच-सहा ठिकाणी तपासणी दाखवायची असे. पुढं साहेब, त्यांच्या शेजारी सोपानराव आणि मागं फायलींचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी, अशी आमची वरात परभणीच्या चारी बाजूंना फिरायची. सोपानराव मूळचे पूर्णेचे. वडील रेल्वेत गँगमन, घरानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. बोलायला मोठे गोड होते, पण गाडी उभी असेतोवर. किल्ली फिरवली की माणूस मुका. एकदा मी डिवचलं, "काय सोपानराव, स्टिअरिंगला हात लागला की जीभ गहाण पडते का हो?" झरीला चहाला थांबलो, कप हातात आला, तेव्हा म्हणाले, "भाऊसाहेब, पूर्णेला लहानपनापासून बघत आलोय. इंजिनाच्या ड्रायव्हरसंगं गाडी चालू असताना कुनी गप्पा हानायला जात न्हाई. मंग आमच्या जीपनंच काय पाप केलंय? डोळे दोनच हायत. ते रस्त्याला देऊ का तुमाला देऊ?" मला हसू आलं होतं. त्याची आता लाज वाटते.

कारण आमच्या कचेरीत एक रीत होती, आणि ती इतकी अंगवळणी पडली होती की कुणाला तिच्यात काही वावगं दिसत नव्हतं. साहेब तपासणी करायचे ती चालत्या जीपमधून. थांबलं की मुकादम धावत येतो, खुर्ची मांडतो, चहा मागवतो, अर्धा तास जातो आणि पुढची दोन ठिकाणं हुकतात. म्हणून गाडी पळत ठेवायची आणि भरावावर माती टाकणारे मजूर लांबूनच मोजायचे. साहेबांना लांबचं नीट दिसत नसे. चष्मा खिशात असे, पण तो लावण्यात त्यांना कमीपणा वाटायचा. मग मोजायचं कुणी? ज्याचे डोळे सगळ्यात चांगले त्यानं. "सोपान, त्या भरावावर किती माणसं आहेत, मोज बघू." आणि सोपाननं मान फिरवून मोजायचं. मी मागं रिकामा बसलेला असे. पण फायली सांभाळणाऱ्यानं मजूर मोजायचे नसतात, ही आणखी एक रीत. आणि मलाही कधी सुचलं नाही की म्हणावं, साहेब, मी मोजतो.

सोपानराव मात्र तसं मोजत नसत. ते जीप कडेला घ्यायचे, ब्रेक लावायचे, खाली उतरायचे आणि मग मोजायचे. साहेब कडाडायचे, "थांबवायला कोणी सांगितलं तुला?" सोपानराव शांतपणे म्हणायचे, "मोजायला सांगितलं न्हवं का साहेब? मोजायलोय." पुढं त्यांनी परभणीच्या एका पेंटरकडून लाकडाची छोटी पाटी रंगवून आणली आणि जीपमध्ये समोर ठोकली. एसटीत असते तशीच, 'गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.' साहेबांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा काळानिळा झाला. "आता हे लोक आम्हाला शिकवणार!" हे लोक म्हणजे कोण, ते जीपमधल्या तिघांनाही नीट कळलं. पाटी त्याच दिवशी उखडायला लावली; सोपानरावांनी ती घरी नेली. संध्याकाळी मेमोचा मजकूर माझ्या टेबलावर आला. वरिष्ठांना उद्धट उत्तरे देणे, विनापरवानगी सरकारी वाहन थांबवणे, पुन्हा असे घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल. तो मेमो मी टाइप केला. एकही चूक न करता, सुबक समास सोडून. सोपानरावांनी सही करताना फक्त एवढं विचारलं, "भाऊसाहेब, थांबवायचं न्हाई, असंच लिवलंय न्हवं ह्याच्यात?" मी मान हलवली.

पुढच्याच आठवड्यात झरीच्या अलीकडं, भर दुपारी. उजव्या हाताला भराव. साहेब म्हणाले, "मोज." सोपानरावांनी क्षणभर आरशातून माझ्याकडे पाहिलं... नंतर जीप थांबवली नाही. मान उजवीकडं वळवली आणि मोठ्यानं मोजू लागले. पंधरा, सोळा, सतरा, अठरा... डावीकडच्या वाटेनं कडब्याची बैलगाडी रस्त्यावर आली, ती मीही उशिराच पाहिली, कारण मीही भरावाकडं बघत होतो. मी ओरडलो. त्यांनी स्टिअरिंग उजवीकडं ओढलं आणि जीप कडेच्या बाभळीवर आदळली. बैल वाचले, गाडीवान वाचला, साहेबांचं मनगट मोडलं. बाभूळ सोपानरावांच्या बाजूला होती.

आठवड्यानं साहेब गळ्यात हात अडकवून कचेरीत आले आणि दौऱ्याची डायरी टाइप करायला माझ्यापुढं ठेवली. त्या तारखेला लिहिलं होतं, 'भरावाची तपासणी केली. मजूर अठरा.' माणूस मोजता मोजता मेला, आणि याला त्याची अर्धवट मोजणीसुद्धा कामाला आली! डायरीखाली चौकशीसाठी माझ्या नावाचा जबाब तयारच होता. 'अपघातसमयी चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते.' मी दोनदा वाचला. त्यात खोटं काय होतं? लक्ष नव्हतंच. मी सही केली. साहेबांचा राग येतो, पण त्याहून जास्त राग मला त्या सहीचा येतो. खोट्यावर सही करायला मी कचरलो असतो. अर्ध्या खऱ्यावर मी बिनदिक्कत केली.

मागल्या आठवड्यात कौसाबाई कचेरीत आल्या. हातात फडक्यात गुंडाळलेली ती पाटी. "भाऊसाहेब, कागदात लिवलंय म्हनं, त्यांचं लक्ष न्हवतं. वस्तीतली मानसं मला इचारायलेत, पिऊन होते का म्हून. त्यांनी जन्मात थेंब घेतला न्हाई. तुमी तर गाडीतच होता. सांगा, न्हवतं का त्यांचं लक्ष?"

"नव्हतं वहिनी," मी म्हणालो. "पण ते काढून घेतलं होतं. आणि ते काढून घेतल्याचा कागद मी टाइप केलाय."

त्यांनी पाटी टेबलावर ठेवली. "ही घरात ठिऊन काय करू? घराला काय चाकं हायत? तुमच्या हापिसाला लय गरज हाय हिची." एवढं बोलून निघून गेल्या. मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मला नव्हता.

काल सकाळी मी ती पाटी माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर ठोकली. खालच्या कोपऱ्यात एक खिळ्याचं भोक फाटलंय, तिथं ती जीपमधून ओरबाडली होती. नवा ड्रायव्हर आला, त्यानं ती वाचली आणि हळूच मला विचारलं, "साहेबांनी मोजाय सांगितलं तर?" मी म्हणालो, "थांबव. मेमो टाइप करायला आला तर मी करणार नाही." दुपारी साहेब आले. दारातूनच कडाडले, "ही पाटी इथं कोणी लावली?"

मी मान फिरवली नाही. टाइपरायटरवर माझं काम चालू होतं आणि माझं लक्ष त्यातच होतं. ओळ पुरी केली, कागद काढला, मेमोची नक्कल त्याला टाचणीनं जोडली आणि मगच साहेबांकडं पाहून सांगितलं, "मी लावली. आणि हा माझा दुसरा जबाब."